ब्रिक्सच्या गावात

जानेवारी लागला की आमच्या घरी फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "ब्रिक्स किती आला?" हा असतो. बांधापलीकडचे काका तेच विचारतात, औषधांच्या दुकानातला मुलगा तेच विचारतो, आणि पॅकहाउसचा माणूस गाडीतून उतरता उतरता तेच विचारतो. निफाड तालुक्यातल्या द्राक्षाच्या घरात वाढलेल्या मुलीला हा शब्द इतका जवळचा, की कितीतरी वर्षं मला तो आपलाच वाटायचा, छाटणी, डिपिंग, विरळणी यांच्या रांगेतला. ऊसवाल्या पाहुण्यांकडे गेलं की तिथेही तोच. कारखान्याच्या गट ऑफिसातला माणूस उसाच्या कांड्यातून रस काढायचा, काचेवर थेंब टाकायचा आणि ब्रिक्स सांगायचा, म्हणजे रसात साखर किती ते. त्या आकड्यावर तोडणीचा दिवस ठरायचा.

ब्रिक्स हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला बर्लिनला आल्यावर कळलं. माणूसही इथलाच. आडोल्फ फर्डिनांड ब्रिक्स, जन्म 1798, मृत्यू 1870, बर्लिनमध्येच. प्रशियाच्या सरकारी सेवेतला इंजिनिअर आणि गणिती, वजनमापांच्या प्रमाणीकरणात आयुष्य घालवलेला. आपल्या आडनावाने लांबच्या एका देशातले शेतकरी एकमेकांची विचारपूस करतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

ब्रिक्सपर्यंत मी पोचले ती बीटमुळे. बर्लिनच्या वेडिंग भागात 1904 पासून एक साखर संग्रहालय होतं, जगातलं पहिलं. ते 2012 साली बंद झालं आणि त्यातला संग्रह क्रॉयत्सबेर्गच्या तंत्रज्ञान संग्रहालयात गेला. 2015 पासून तो तिथे नव्या मांडणीत बघायला मिळतो. साखर म्हणजे ऊस हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. या शहराच्या मनात साखर म्हणजे बीट. 1747 साली आंद्रेयास मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितलं, की इथल्या मातीत येणाऱ्या साध्या बीटमध्ये उसातलीच साखर आहे. वाळवलेल्या बीटमधून त्याने मद्यार्काने ती ओढून काढली आणि तिचे खडे सूक्ष्मदर्शकाखाली धरून उसाच्या साखरेशी ताडून पाहिले. त्याचा शिष्य फ्रान्त्स कार्ल आखार्ड याने काउल्सडोर्फला, म्हणजे आजच्या बर्लिनच्याच पूर्वेकडच्या भागात, बीट लावलं. पुढे सायलेशियातल्या कुनेर्न गावी त्याने बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला.

कारखाने आले तशी मोजमापाची गरज आली. रसात साखर किती, हे रस आटवल्याशिवाय कसं सांगायचं? साखर विरघळली की पाणी जड होतं, आणि त्यात तरंगणारी काचेची नळी जरा वर येते. बोहेमियातल्या कार्ल बालिंगने त्याचे तक्ते आधी केले होते. ब्रिक्सने ते पुन्हा तपासले, अधिक काटेकोर केले आणि 1854 साली प्रसिद्ध केले. शंभर ग्रॅम द्रावणात एक ग्रॅम साखर म्हणजे एक अंश. एवढंच. त्याने मोजलं ते साखरेचं स्वच्छ पाणी. द्राक्षाचा मणी त्याच्यासमोर नव्हता, आणि हे पुढच्या सगळ्या गोष्टीत लक्षात ठेवायला हवं.

आमच्याकडे नळी तरंगत नाही. बोटभर जाड ब्रिक्स मीटर असतो, एका टोकाला तिरकी काच, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. गोड रसातून जाताना प्रकाश पाण्यातल्यापेक्षा जास्त वाकतो, हे त्यामागचं तत्त्व, आणि अशा यंत्रांचा पाया येनाच्या एर्न्स्ट आबेने घातला. आमची बाग सांभाळणारे आप्पा सकाळी दव उतरल्यावर तिथे जातात. एका घडाचा एक मणी घेऊन भागत नाही. घडाच्या खांद्याचा मणी लवकर गोड होतो, टोकाचा मागे राहतो. म्हणून वरचा, मधला, खालचा असे मणी घेतात. सावलीच्या ओळीतले वेगळे, कडेच्या ओळीतले वेगळे. अंगठा आणि तर्जनीत मणी दाबायचा, थेंब काचेवर सोडायचा, वरची झडप लावायची आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. आत गोल दिसतो, वर निळा, खाली पांढरा, मध्ये सीमारेषा. ती रेघ ज्या आकड्यावर, तो ब्रिक्स. भर दुपारी बघितलं तर आकडा फसवतो, कारण यंत्र वीस अंश तापमानाला लावलेलं असतं. आप्पांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. "उन्हात बघू नये, कमी दाखवतं," एवढंच ते सांगतात, आणि ते बरोबर आहे.

या रेघेच्या पाठीमागे मण्यात काय चाललेलं असतं, ते शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. द्राक्षाच्या तालुक्यातल्या शाळेत तरी ते सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा येतो, मणी धरतो आणि पहिले काही आठवडे नुसता वाढतो. कडक, हिरवा, आंबट. या काळात तो दोन आम्लं साठवतो. एक टार्टारिक, तेच आपल्या चिंचेतलं. दुसरं मॅलिक, कच्च्या सफरचंदातलं. पेशीच्या आत पाण्याची एक मोठी पिशवी असते, तिच्यात ही आम्लं भरलेली असतात. तेव्हा रसात दोन-तीन टक्के आम्ल असतं आणि साखर नावापुरती. मग वाढ काही दिवस थबकते, बाग जणू श्वास धरून उभी राहते. आणि एके दिवशी मणी मऊ पडतो. आमच्याकडे म्हणतात, पाणी उतरलं.

पाणी उतरलं हा शब्द मला शास्त्राच्या कुठल्याही शब्दापेक्षा नेमका वाटतो. मणी बोटाने दाबला तर दबतो, उजेडाकडे धरला तर आरपार दिसू लागतो. या दिवसापासून मण्याचा कारभारच बदलतो. पानांत तयार झालेली साखर देठातून वेगाने आत येऊ लागते. ती येते उसाच्या साखरेच्या रूपात. मण्यात शिरली की एक विकर तिचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या दोघांचं सूत्र एकच असतं, अणूंची मांडणी वेगळी. ही मांडणी ज्यांनी उलगडली ते एमिल फिशर 1892 पासून बर्लिनच्या विद्यापीठात होते, आणि साखरेवरच्या कामासाठी त्यांना 1902 चं नोबेल मिळालं. सुरुवातीला मण्यात ग्लुकोज जास्त असतं, पिकत जाताना फ्रुक्टोज त्याच्या बरोबरीला येतं. फ्रुक्टोज जिभेला जास्त गोड लागतं. म्हणजे आकडा तेवढाच असला, तरी उशिराचा घड लवकरच्या घडापेक्षा गोड लागू शकतो. रेघ हे दाखवत नाही.

साखर येत असताना आम्ल जातं, पण दोन्ही आम्लं सारखी जात नाहीत. मॅलिक आम्ल मणी स्वतः जाळतो, श्वासासाठी. ऊन जास्त तर जळण जास्त, थंडी असली तर ते रेंगाळतं. टार्टारिक तसं फारसं जळत नाही. मणी फुगत जातो तसं ते पातळ होतं आणि पालाशाशी संयोग होऊन त्याचा आंबटपणा बोथट होतो. पाणी उतरल्यावर बागांमधून 'शून्य शून्य पन्नास'च्या फवारण्या सुरू होतात, त्यातलं पन्नास म्हणजे हेच पालाश. पण फवारणीने साखर तयार होत नाही. साखर पानच तयार करतं. वेलीवर घड जास्त आणि पानं कमी असतील तर कुठल्याही डब्यातलं औषध ती तूट भरून काढत नाही. म्हणून जास्तीचे घड काढून टाकतात, आणि ते करताना घरातल्या बायांच्या जिवावर येतं, मी ते बघितलंय. आई काढलेला प्रत्येक घड क्षणभर हातात धरायची आणि मग टोपलीत टाकायची.

साखर भरली की मणी पाण्यासाठी हावरा होतो. अशा वेळी अवकाळी पाऊस आला की सालीवरचं पाणी आत ओढलं जातं आणि साल तडकते. एका रात्रीत. फेब्रुवारीत ढग दिसले की आमच्याकडे कुणी नीट जेवत नाही.

आता बर्लिनची गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या दुकानांत अर्ध्या किलोच्या पारदर्शक डब्यांतून द्राक्षं येतात आणि लेबलवर उगमाच्या जागी भारत लिहिलेलं असतं. बाहेर शून्याखाली तापमान, संध्याकाळी लवकर झाकोळ, आणि हातात घरचा डबा. पहिल्या वर्षी मी दुकानाबाहेरच उभी राहून डबा उघडला. मणी मोठा, देठ हिरवा, करकरीत. आणि आंबट. नुसता आंबट नव्हे, पोकळ. पाणी, थोडी साखर आणि दातांना लागणारं आम्ल. त्या रात्री मी आप्पांना सांगितलं नाही. पुढे सांगितलं, तेव्हा ते गप्प राहिले आणि म्हणाले, "लवकर तोडला असेल कुणीतरी."

लवकर तोडला तर डब्यात पिकणार नाही का, असं इथल्या माझ्या जर्मन शेजारणीने विचारलं. प्रश्न साधा आहे, आणि लाखमोलाचा. हापूस पिकतो, केळं पिकतं, सफरचंद पिकतं. मग द्राक्ष का नाही?

हापूस झाडावरून उतरवतात तेव्हा त्यात पिष्ट भरलेलं असतं. अढीत, पेंढ्यावर, तो त्याच पिष्टाची साखर करतो. शिदोरी त्याच्याजवळच असते. केळ्याचंही तेच. द्राक्ष शिदोरी बांधून ठेवत नाही. त्याला रोज वेलीकडून ताट वाढलेलं लागतं. देठ कापला की ताट बंद. निफाडहून न्हावा शेवा, तिथून रॉटरडॅम, तीन-चार आठवडे शून्य अंशाच्या आसपास, गंधकाच्या वायूचा ग्रेप गार्ड अंगावर घेऊन तो घड जसा होता तसा राहतो. ताजा राहतो, पण पिकत नाही. कंटेनर तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून आला, तर त्याचे नुसते दिवस वाढतात, गोडी नाही.

दुसरं कारण वायूचं. आणि त्या कारणाचा एक धागा बर्लिनच्या रस्त्यावर सापडतो. 1826 साली इथल्या उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. रस्त्याच्या नावातच लिंडेनची झाडं आहेत. जमिनीखालून गॅसच्या नळ्या गेल्या, त्या गळायच्या, आणि युरोपातल्या शहरांत दिव्यांजवळची झाडं सुकू लागली, अवेळी पानं टाकू लागली. लिओपोल्ड क्नी या वनस्पतिशास्त्रज्ञाने बर्लिनच्या वनस्पती उद्यानात झाडांच्या मुळांशी मुद्दाम गॅस सोडून त्याचे परिणाम तपासले आणि 1871 साली ते प्रसिद्ध केले. गॅसमध्ये घटक अनेक. त्यातला झाडांवर असा परिणाम करणारा घटक इथिलीन आहे, हे सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोवने वाटाण्याच्या रोपांवरून 1901 साली दाखवलं. आणि पिकणारं सफरचंद हाच वायू स्वतः सोडतं, हे 1934 साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेनने सिद्ध केलं. पिकल्या आंब्याजवळ ठेवलेला कच्चा आंबा लवकर पिकतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. ती कुजबुज या वायूची.

आज आपल्याकडे आंबा-केळी पिकवायला कार्बाइडला बंदी आहे आणि ठरावीक मर्यादेत इथिलीनला परवानगी. तो वायू मोजून दिला की फळ स्वतःचं इथिलीन सोडू लागतं, श्वास वाढतो, पिष्ट फुटतं, पेक्टिन सुटं होऊन गर मऊ पडतो. द्राक्षात अशी उसळी येत नाही. द्राक्ष इथिलीन अजिबात ऐकत नाही असं नाही. आमच्या बागेत ऑक्टोबर छाटणीआधी पानगळीसाठी इथ्रेल फवारतात, ते झाडात जाऊन इथिलीनच सोडतं. क्नीच्या झाडांची पानं गळाली त्याच वायूने आमच्या वेलींची पानं गळतात. हे मला कळलं तेव्हा मी रात्री मुद्दाम गॅसच्या दिव्यांच्या एका गल्लीतून चालत गेले. जगात उरलेल्या गॅसदिव्यांपैकी निम्मे तरी या शहरात आहेत असं म्हणतात. पिवळसर, ऊबदार उजेड. खाली झाडं सुखरूप उभी होती, कारण आताचा गॅस वेगळा, नळ्या वेगळ्या.

पिकताना रंगही येतो. त्यासाठी इथलं आणखी एक ठिकाण मला दाखवायचं आहे. डालेममध्ये, भुयारी रेल्वेच्या टीलप्लात्स स्टेशनजवळ, टोकाला घुमटी असलेली एक इमारत आहे. कैसर विल्हेल्म रसायन संस्था म्हणून ती 1912 साली उघडली. पुढे 1938 साली इथेच ओटो हान आणि फ्रिट्स श्ट्रासमान यांच्या प्रयोगांत अणूचं विभाजन सापडलं, म्हणून लोक ती बघायला येतात. मी गेले ती रिचर्ड विलष्टेटरसाठी. 1912 ते 1916 तो इथे होता आणि फुलाफळांचे रंग हा त्याचा विषय. कॉर्नफ्लॉवरचा निळा आणि गुलाबाचा लाल हा मुळात एकच पदार्थ, भोवतीच्या परिस्थितीप्रमाणे रंग बदलणारा, हे त्याने दाखवलं. या गटाला अँथोसायनिन म्हणतात. आपण ते रोज बघतो. जांभळाचा डाग साबणाने धुवायला घेतला की निळा पडतो, तो हाच खेळ. 1915 साली त्याने काळ्या द्राक्षाच्या सालीतला रंग वेगळा केला. त्याच वर्षी वनस्पतींच्या रंगद्रव्यांसाठी त्याला नोबेल मिळालं. ज्यूद्वेषाच्या निषेधार्थ त्याने 1924 साली म्युनिकची प्राध्यापकी सोडली, 1939 साली देशही सोडावा लागला आणि 1942 साली स्वित्झर्लंडमध्ये तो गेला. त्या इमारतीसमोर मी बराच वेळ उभी होते.

कारण हा रंग आमच्या घरात रडवून गेलेला आहे. काळ्या जातीत तो हवासा असतो. हिरव्या थॉमसन जातीत ही रंगाची यंत्रणा जवळजवळ बंद असते. पण एखाद्या जानेवारीत निफाडचा पारा रात्री खूप उतरतो, दिवसा ऊन चढतं, आणि पाणी उतरलेल्या हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक येते. पिंक बेरी. चवीला काही बिघाड नाही, आरोग्याला काही अपाय नाही, पण निर्यातीतून घड बाद. म्हणून बायका घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद लावत फिरतात. अशाच एका वर्षी मी सुट्टीत घरी आलेली असताना आईने, काकूने आणि मी तीन दिवस कागदच लावले. बोटांना शाईचा काळा थर चढला होता. तरी एका कोपऱ्यातल्या ओळी गुलाबी झाल्याच. त्या मळ्यात विलष्टेटरचा रंग बघत मी उभी होते आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आता ब्रिक्सच्या आकड्याबद्दल जे मला खरं बोलायचं आहे ते. युरोपच्या विक्री-नियमात बिनबियांच्या द्राक्षाला किमान 14 ब्रिक्स लागतो. आपले निर्यातदार साधारण 16 च्या पुढे मागतात. हंगामाच्या सुरुवातीला भाव चढा असतो आणि मजुरांची टोळी ज्या दिवशी मिळते त्याच दिवशी मिळते. ढगांची भीती असते, सोसायटीचं कर्ज असतं. अशा वेळी रेघ 16 ला टेकली की कात्री लागते. त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, मी त्याच घरची आहे. पण 16 मध्ये काय काय मावतं ते बघा. रसात आम्ल 0.8 टक्के असेल तर साखर आणि आम्लाचं गुणोत्तर 20. आम्ल 0.5 वर आलं तर तेच 32. यंत्रात रेघ एकच, जिभेवर दोन वेगळी फळं. त्यात ही रेघ साखरेबरोबर आम्लं आणि क्षारही थोडेफार मोजते, कारण प्रकाश त्यांनीही वाकतो. ब्रिक्सचा तक्ता स्वच्छ साखरपाण्याचा होता, आणि त्या कामाला तो आजही चोख आहे. पिकलं की नाही हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ते आपण त्याच्या गळ्यात घातलं.

आम्ल मोजणं अवघड नाही. मोजका रस, सोड्याचं द्रावण आणि रंग बदलणारा एक थेंब. शाळेच्या प्रयोगशाळेत होतं. पॅकहाउसच्या दारात ते होतं, तसं बागेच्या दारातही व्हायला हवं, आणि भाव दोन्ही आकड्यांवर ठरायला हवा. इथल्या गिऱ्हाइकाने एक आंबट डबा घेतला की तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशाचा डबा उचलतो. माझी शेजारीण तेच करत होती. मग एका मार्चअखेरीस मला चांगला डबा सापडला, मणी पिवळसर, अंबरासारखे. तिला दिला. तिने दोन मणी खाल्ले आणि डबा स्वतःकडेच ठेवून घेतला.

क्रॉयत्सबेर्ग टेकडीच्या उतारावर व्हिक्टोरिया पार्कला लागून एक छोटा द्राक्षमळा आहे. 1968 साली वीस्बाडेनहून आणलेल्या वेलींनी तो सुरू झाला. तंत्रज्ञान संग्रहालयापासून तिथे चालत जाता येतं. वाइनचीच द्राक्षं, मणी बारीक, घड गच्च. गंमत म्हणजे जर्मनीतले वाइनवाले ब्रिक्स म्हणत नाहीत. फोर्त्सहाइमच्या ओक्स्ले नावाच्या सोनाराने केलेलं दुसरं माप त्यांच्याकडे चालतं. आपले 16 ब्रिक्स म्हणजे त्यांचे साधारण 65 ओक्स्ले. ब्रिक्सच्या गावात ब्रिक्सचं नाव द्राक्षाच्या मळ्यात नाही, ते आमच्या बांधावर आहे.

मागच्या ऑगस्टच्या शेवटी मी कुंपणाबाहेरून एका घडाचा फोटो काढून आप्पांना पाठवला. काही मणी अजून कडक हिरवे, काहींच्या कडेला काळसर झाक. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. तब्येत विचारली नाही.

"पाणी उतरतंय," म्हणाले. "रात्री थंडी किती असते तिथं?"

मी सांगितलं, बारा-तेरा.

"मग आंबटपणा धरून बसेल. सव्वा महिना तरी लागेल बघ त्याला. तोडायची घाई करू नका म्हणावं त्यांना."